गुलाबी टाइल्स

अप्पा, काल तुमच्या गुलाबी टाइल्स फोडल्या. मेस्त्री म्हणाला, "इतक्या चांगल्या आहेत, कशाला काढता?" मी म्हटलं, एकसुद्धा ठेवू नका. छिन्नीचा पहिला घाव बसला तेव्हा मला बरं वाटलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी बरं वाटलं.

तुम्ही बांधकाम खात्यातले ओव्हरसिअर. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत कुणी न्हाणीघराला हात लावायचा म्हटलं, की आधी तुमच्याकडे यायचं. तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसून तुम्ही फुकट सल्ले वाटायचात. उतार मोरीकडे ठेवा, खिडकी उंच घ्या, कोपऱ्यात पाणी साचू देऊ नका. सल्ले चांगले होते, ते मी नाकारत नाही. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आपल्या न्हाणीघरात मुळात काळा खरबरीत दगड होता, पाय न घसरणारा. दर शुक्रवारी आई डोक्यापासून पायापर्यंत तिळाचं तेल लावून त्यावर बसायची, शिकेकाईनं न्हायची, आणि तासाभरानं लाल चेहऱ्यानं बाहेर यायची. आठवड्यातला तेवढाच तास तिचा स्वतःचा होता.

मग मला बघायला पुण्याची मंडळी येणार असं ठरलं. त्या वर्षी गावात टाइल्सची नवी दुकानं निघाली होती, टीव्हीवर चकचकीत बाथरूम दिसू लागली होती. तुम्ही म्हणालात, "आपलं इकडचं तमिळमिश्रित मराठी ऐकून ते हसणारच. निदान बाथरूम बघून तरी हसू नयेत." दगड उखडला. भिंतीला लावायच्या गुळगुळीत टाइल्स तुम्ही जमिनीलाही लावायला सांगितल्यात, सगळं एका रंगाचं दिसावं म्हणून. तेव्हाचा म्हातारा मेस्त्री हात जोडून तमिळमध्ये म्हणाला, "सार, एण्णै कुळियल वीडु. वळुक्कुम." तेल लावून न्हाणारं घर आहे, घसरेल. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं बांधकामं केलीत, मला शिकवतोस?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

पुण्याची मंडळी आली, कॉफी प्याली, अंगणातल्या नळावर हात धुतले आणि गेली. बाथरूमकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चार दिवसांनी नकार आला. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तू फार बोललीस."

आणि मग तो शुक्रवार. मी अंगणात कपडे वाळत घालतेय, आतून तांब्या पडल्याचा आवाज येतो, आणि मागोमाग आईची हाक. दार आत उघडणारं, आई नेमकी त्यालाच आडवी पडलेली. मी ढकलते तशी ती ओरडते. तुम्ही बाहेरून "उठ, उठ" म्हणत राहता. शेवटी शेजारच्यांनी पहारीनं बिजागऱ्या उखडून दार बाजूला केलं. ती तशीच, उघडी, तेलानं माखलेली, आणि तुमच्यामागं उभे असलेले चार परके पुरुष. मी वाळत घातलेलं ओलं लुगडं ओढून आणलं आणि तिच्यावर टाकलं. खुबा मोडला होता. इस्पितळात तिच्या खाटेशी उभं राहून तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "पाय बघून टाकायला काय झालं होतं?"

त्यानंतर चार वर्षं ती जगली. मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसायची. तेलाचं न्हाण पुन्हा झालं नाही. दर शुक्रवारी ती केस सोडून बसायची आणि थोड्या वेळानं परत बांधायची. टाइल्स तुम्ही बदलल्या नाहीत, वर गोणपाट टाकलंत. बदलल्या असत्या तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं ना! आणि तिण्णैवरचे सल्ले? ते चालूच राहिले. मी ते आतून ऐकायची आणि दात ओठ खायची.

आता मी खरबरीत फरशी घालतेय. बसायला ओटा, हाताशी धरायला दांडा, दार बाहेर उघडणारं. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं, याचाच मला राग आहे. अडाणी असतात तर माफ केलं असतं.

हे पत्र मी कपाटात ठेवणार. तुम्ही मला मोडी सोडून बालबोध शिकवलीत, पण आता या घरात ती वाचणारं दुसरं कुणी नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. आई पडली त्याच्या आदल्या शुक्रवारी तिचा पाय सटकला होता. भिंत धरून वाचली. बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "अप्पांस सांग, हे नक्को म्हणून. माझं ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतील." मी सांगितलं नाही. फार बोललीस म्हणालात ना, म्हणून त्या आठवड्यात मी तुमच्याशी अबोला धरला होता. सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतंत, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलेय. पण आईला वाटत होतं, ऐकाल.