माय वं, गोळी घेतली काय

जानेफळ
१४ जुलै २०२५

चि. धम्मशीला हीस,
आईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तुझं पहिलं वाक्य ‘किती आली?’ आणि दुसरं ‘काय खाल्लं?’ तेवढ्यात तुला साहेब बोलावतात आणि माझ्या सांगायच्या गोष्टी पोटातच राहतात. शिवाय तुझे बाबा तुला ठाऊकच आहेत. गावचं पोस्ट सांभाळून रिटायर झाले, पण जीव अजून पेटीत अडकलेला. गावातून एक तरी पत्र निघालं पाहिजे, नाहीतर पेटीत चिमण्या घर करतील म्हणतात. त्यांनीच हे अंतर्देशीय आणून दिलं. वर ताकीद, की जागा वाया घालवायची नाही.

तुझा भाऊ अश्वजित बुलढाण्याहून आला होता, तेव्हा त्याने मोबाइलमध्ये शुगरचं ॲप टाकून दिलं ते आता मला जमतं. बोटाला टोचलं की आकडा मशीनमधून मोबाइलमध्ये जातो आणि तिथून थेट तुझ्या गुवाहाटीला. बाबा म्हणतात, डाक खात्यात असा एक माणूस मिळाला असता तर मी केव्हाच बढती घेतली असती.

आणि तू भरून पाठवलेला आवाज! सकाळी चुलीपाशी बसले की मोबाइल बोलतो, माय वं, गोळी घेतली काय? घेऊन घे ना. पहिल्या दिवशी शेजारची जनकाबाई धावत दारात आली. पोरगी कवा आली वं, मले सांगतलंही नाही, म्हणून रुसली. मी म्हटलं, आली नाही, नुसती बोलून राह्यली. ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर मात्र माझं कामात लक्ष लागलं नाही.

वर्षावास सुरू झाला. विहारात आता पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. यंदा छाया वाचते, पण गाडी सुटल्यासारखी पळत वाचते. तू होतीस तेव्हा म्हाताऱ्या माणसांनाही अर्थ लागायचा. परवा कुणीतरी तुझी आठवण काढली आणि मला भरून आलं.

बाकी ठीक. माया आहे तशी राहू दे आणि वेळेवर जेवत जा.

तुझी आई

*

गुवाहाटी
२६ जुलै २०२५

ती. आई आणि बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. अंतर्देशीय पाहून ऑफिसातली पोरं भोवती जमली, जणू मी संग्रहालयातून काही उचलून आणलंय. आई, तुझं अक्षर पाहूनच बरं वाटलं.

आता रागावते. तुझे आकडे चांगले येतात, पण गोळीच्या जागी रोज लाल खूण दिसते. ठरलेल्या वेळेला गोळी घेतल्याचं कळतच नाही. मोबाइल दर दहा मिनिटांनी आठवण करतो, तरी तू हलत नाहीस. भाकरी झाली, पाहुण्यांचा चहा झाला, शेळीला चारा झाला, की मग तुझी पाळी. मी इथे ऑफिसला निघताना तो लाल रंग पाहते आणि दिवसभर कामात चुका करते. तुझ्या मामाचे पाय शुगरने कसे गेले, ते तूच पाहिलंस ना?

बाबा, तुम्हाला एक काम. मोबाइल बोलायला लागला आणि लाल दिसलं, की तुम्ही स्वतः गोळी तिच्या हातात द्या. ती गिळेपर्यंत समोरून हलू नका. तिच्या गोड बोलण्याला भुलू नका.

विजयादशमीला यायचं मनात होतं, पण नेमकी तेव्हाच इथे तपासणी लागली आहे. रजेचं काही खरं नाही. ज्वारीच्या भाकरीची फार आठवण येते. इथे भाताशिवाय घास नाही.

दोघांनी एकमेकांना सांभाळा, आणि माझ्यावरचा राग फार दिवस धरू नका.

तुमची धम्मशीला

*

जानेफळ
१२ ऑगस्ट २०२५

चि. धम्मशीला हीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आई बरी आहे. आत्ता ओसरीत शेंगा सोलत बसली आहे आणि मी काय लिहितो म्हणून मान लांब करून पाहते आहे. अश्वजितने फोनवर तुला सांगितलंच. तू रडलीस, तोही गांगरला, त्यामुळे खरी गोष्ट राहूनच गेली. ती लिहितो.

तुझं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. श्रावण पौर्णिमेला सकाळी मोबाइल बोलायला लागला. तुझ्या हुकमाप्रमाणे मी आत गेलो, लाल पाहिलं, गोळी काढली आणि हिच्या तळहातावर ठेवली. ही माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, पाहतेस काय, गिळ. तिने गिळली. नोकरीत असा चोख हुकूम मी कधी बजावला नव्हता.

तिने त्याआधीच गोळी घेतली होती. त्यात पौर्णिमेचा उपवास म्हणून न्याहारीही नावापुरती. पांढरं लुगडं नेसून विहारात गेली. वंदना चालू असताना हिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले. मला वाटलं, गर्दीने गुदमरली. जनकाबाईनं ओळखलं. हिची शुगर उतरली, गोड आना बे लवकर, असं ओरडत ती स्वतःच उठली आणि दानासाठी आणलेली खीर हिला चमच्याने चारली. मग गाडी करून मेहकरला दवाखान्यात नेलं. एक दिवस ठेवून घेतलं. धम्मशीला, त्या गाडीत हिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. मी फार घाबरलो होतो.

डॉक्टर विचारत होते, गोळ्या किती घेतल्या. मी सांगितलं, एक. ही खाली मान घालून म्हणाली, दोन. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोजची गोळी ही वेळेवरच घ्यायची. घेतल्याचं बटण मात्र दाबायची नाही. बटण दाबलं की तुझा आवाज बंद होतो. नाही दाबलं की तू थोड्या वेळाने पुन्हा विचारतेस. भाकरी थापता थापता ही तुला उत्तर द्यायची, घेतली वं माय, कवाचीच घेतली. मी अंगणातून ऐकायचो. वाटायचं, शेळीशी बोलते.

मी विचारलं, मग दुसरी काऊन गिळली? तर म्हणाली, बटण का दाबलं नाही ते सांगावं लागलं असतं, मले लाज वाटली.

आता तिला रागावू नकोस. मी रागावणार होतो, पण मलाच जमलं नाही.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझे बाबा
गुलाबराव

*

गुवाहाटी
२२ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

बाबांचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. तू उत्तर देत होतीस आणि ते इथे मला ऐकू येत नव्हतं. मला फक्त लाल खूण दिसत होती.

तो आवाज मी बसथांब्यावर उभी राहून भरला होता. बस येत होती म्हणून घाईघाईत. नीट निवांत बसून चार शब्द बोलले असते तर किती बरं झालं असतं.

आई, तो आवाज मी आज काढून टाकला. आता नुसती घंटी वाजेल. वाजली की गोळी घे आणि लगेच बटण दाब. तुझ्या ताटातला घास काढून घेतल्यासारखं वाटतंय, पण परत तसं झालं तर मी कुठे जाऊ? बाबा, तुम्हीही आता विचारल्याशिवाय गोळी देऊ नका.

साहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले, आई सिरियस असेल तर आजच जा. मला खोटं बोलता आलं नाही. सांगितलं, आता बरी आहे. मग ते म्हणाले, बरी आहे तर तपासणी झाल्यावर पाहू. मी तशीच जागेवर येऊन बसले.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी धम्मशीला

*

जानेफळ
२ सप्टेंबर २०२५

चि. धम्मशीला हीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तू केलंस ते बरोबरच केलंस. घंटी वाजते, मी गोळी घेते आणि बटण दाबते. हिरवी खूण तुला दिसत असेलच. बाबा रोज शाबासकी देतात, शाळेतल्या पोरीला देतात तशी. पण खरं सांगू, घंटीला उत्तर देता येत नाही. भाकरी मुकाट्याने होते. लवकर होते, एवढंच.

तुझ्या साहेबांचं वाचून एक दिवस माझ्या मनात वाईट आलं. बाबांना म्हटलं, मी सिरियस आहे म्हणून लिहून टाका ना, त्यात काय. ते पेन खिशात ठेवून बाहेर गेले. मग माझं मलाच वाटलं, अशाने तू आलीस तर वाटभर रडत येशील आणि आल्यावर माझ्या उशाशी बसून नुसते आकडे पाहशील. तसं येणं मला नको.

आजारी माणसाला पाहायला सगळं गाव येतं, पोरी. मरणाला तर न बोलावता येतात. मला तू माझे हातपाय चालतात तोवर पाहिजेस. तुला भाकरी करून घालीन, डोक्याला तेल लावीन, विहारात तुझ्या शेजारी बसेन, एखाद्या दुपारी तुझ्याशी कडकडून भांडेन. आजवर हे कधी तोंडाने म्हटलं नाही, तुझ्या नोकरीत अडथळा नको म्हणून. आता म्हणते.

साहेबांना खरं तेच सांग. माझी शुगर चांगली आहे. डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हटलं आहे. घाबरण्यासारखं काहीच कारण नाही.

तरी ये.

तुझी
आई