गाडी चालत नसल्याचा पंचनामा

अमरावती,
दि. ९ जुलै २००५

परममित्र वाहेदभाई, मुक्काम अकोला, यांस,

केशवरावचा सलाम. आपली प्रकृती ठणठणीत असेल, वहिनी आयशाबी यांचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि अकोल्याच्या उकाड्याने माणसांना थोडी उसंत दिली असेल, अशी आशा करतो. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. (पुस्तकी मराठी इथंच संपली. चौतीस वर्सं एस.टी.च्या वर्कशॉपात पाना धरलेल्या हाताले यापुढं शुद्ध लिहिनं झेपत नाई. तुमी बाजूच्याच टेबलावर बसून तेवढेच वर्सं वायरा जोडल्या, तवा चालवून घ्या.)

तर खबर हे आहे का, तुमी म्हनत होते तेच खरं निघालं. धामनगाव रेल्वेच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांखाली तीस वर्सं दबलेली ते लाल गाडी मी भंगाराच्या भावात उचलून आनली, तवा तुमी म्हनले होते, "केशवराव, हे गाडी नाई, मय्यत आहे. दफन करा." मी तुमच्याशी आठ दिवस बोललो नाई. आता माफी मागतो. दोनच सीट, वर टप नाई, अन् नाक एवढं लांब का ड्रायव्हरले दिसाच्या आधी समोरच्या मानसाचा टोंगळा फुटावा. इंग्रजायनं थंड हवेत फिराले बनवली अन् आली वऱ्हाडात, जिथं मे महिन्यात तिच्या सीटवर भाकर भाजून निघते! पन रिटायर मानसाले काहीतरी लागते. आमच्या सौभाग्यवतीनं तिले पाहून एवढंच इचारलं, "आता हे कुठं ठेवता, माझ्या डोक्यावर?" म्हून वलगावले माझा लहान भाऊ पंजाबराव, त्याच्या वावरातल्या गोठ्यात ठेवली. बैलजोडी विकल्यापासून गोठा रिकामाच होता. कोंबड्या तेवढ्या होत्या, त्यायनं डिक्कीत अंडे घालनं सुरू केलं. (पयल्या वर्सात त्या गाडीनं आमाले देल्लं ते एवढंच.)

चौदा महिने मी रोज सकाळी सायकल मारत वलगावले गेलो. तुमी अकोल्याच्या भंगारबाजारातून पाठवलेलं सारं तिले लागलं, जीपचा पेट्रोलपंप, ट्रॅक्टरचा पट्टा अन् कोना स्कूटरचा हॉर्न. गाडी खोकलली, शिंकली, एकदा तर धुराचा असा लोट सोडला का बाजूच्या वावरातली बाई गोठा पेटला म्हून घागर घेऊन धावत आली. चालली मात्र नाई.

आता असली गोष्ट ऐका. पंजाबरावची पोरगी दामिनी बारावीले शहाऐंशी टक्के घेऊन पास झाली. इथं अमरावतीत एका ट्रस्टचं पोरीयचं वसतिगृह आहे. कास्तकाराच्या पोरीले चार वर्सं राहनं, खानं, कॉलेजची फी, सारं फुकट. यंदा कापसाच्या पऱ्हाटीनं पंजाबरावच्या हाती काईच लागू देल्लं नाई, तवा तो साफ बोलून बसला होता का सीट भेटली तर कॉलेज, नाई तर दिवाळीच्या आत पोरीचं लगन. ट्रस्टचे वामनराव, रिटायर हेडमास्तर, घर पाहाले आले, वावर पाहाले आले अन् गोठ्यात डोकावले. त्यायच्या फॉर्मात सवालच होता, कुटुंबाकडे चारचाकी आहे काय? असली तर सीट नाई. मी म्हनलं, साहेब, गाडी माझी आहे, याची नाई. ते म्हनले, "कोणाची का असेना, उभी कुठं आहे?" बिचारा पंजाबराव हात जोडून म्हनला, "साहेब, हे कायची गाडी, हे तं भंगार हाये." अन् वाहेदभाई, इथं माझं डोस्कं फिरलं. चौदा महिन्याची मेहनत, अन् सख्खा भाऊ भंगार म्हनते! मी ताडकन बोललो, "भंगार काहून? आठ दिवसांत चालवून दाखवतो!"

झालं. वामनरावनं वही मिटली. म्हनले, शुक्रवारी पंचांसमोर पाहू, चालली तर गाडी, नाई चालली तर भंगार. पंजाबराव माझ्याकडं पाहत राहिला. दामिनी चहाचे कप उचलून आत गेली. असा भैताड मी, साठी उलटली तरी जीभ ताब्यात नाई! ते आठ दिवस माझ्या नरड्याखाली घास उतरला नाई.

शुक्रवारी अर्धं वलगाव वावरात जमा. मी सीटवर बसलो, किल्ली फिरवली. हूं नाई का चूं नाई. मग पंधरा जनायनं धक्का मारला, गोठ्यापासून बोरीच्या झाडापर्यंत अन् परत, अन् मी आत स्टेरिंग धरून घामाघूम. तरी नाई. नत्थुजी म्हून एक टोमनेबाज म्हातारा आहे गावात, तो सगळ्यायसमोर बोलला, "काय जी केशवराव, तुमी दुरुस्त केलेल्या गाड्यायनं आमी यवतमाळले जात होतो नं? जिते कसे राहिलो बाप्पा!" सारं वावर हसलं. वामनरावनं सुरेख अक्षरात पंचनामा लिहिला: "सदर वाहन किल्लीने अथवा धक्क्याने चालू होत नाही, पुढे होईल अशी चिन्हेही नाहीत. मालकाची जिद्द दांडगी आहे, पण ती फॉर्मात धरता येत नाही." चार सह्या, एक अंगठा, अन् खाली माझी सही. दामिनीची सीट पक्की झाली! अन् ते पोट्टी मलेच समजवाले आली, "मोठेबाबा, वाईट नका वाटून घेऊ, एखाद्या दिवशी चालन ते." डोळ्यात पानी तिच्या. फायदा तिचा झाला अन् रडून राहिली माझ्यासाठी.

खरं सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. काल दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आता गाडी कोंबड्यायच्या हवाली. मी पेपर वाचीन, बीपीची गोळी घेईन अन् तुमचं ऐकत जाईन.

आपला, ज्याले अक्कल उशिरा आली तो,
केशवराव

ता. क. पत्र आयशाबीले वाचून दाखवा. पन इथपर्यंतच.

ता. क. आता एकटे बसा. पाकिटात पेपरात गुंडाळून रोटर ठेवलं आहे. डिस्ट्रिब्युटरमधून ते काढलं का गाडीले ठिणगी नाई, हे तुमच्यासारख्या वायरवाल्याले मी काय सांगावं? शुक्रवारी पंच येन्याच्या आधी मीच काढलं. वामनराव दरवर्सी फॉर्म घेऊन येनार आहेत, तवा चार वर्सं हे तुमच्याजवळ ठेवा. माझ्याजवळ राहिलं तर माझे हात काई ऐकनार नाईत. मी हात जोडून मागितलं तरी देऊ नका. मी राहिलो नाई तर दामिनीले द्या अन् कुठं बसवाचं ते दाखवा.

ता. क. गुरुवारी पहाटे चालली, वाहेदभाई. पयल्या किल्लीले. वावरात चिटपाखरू नव्हतं. पेढी नदीच्या पुलापर्यंत गेलो अन् वापस आलो, सारा रस्ता लहान पोरासारखा रडत. स्पीडचा काटा पस्तिसावर गेला होता, अन् तो मैलाचा आहे. गावाले हसू द्या. एका मानसाले तरी मालूम पाहिजे, म्हून लिहिलं.