मला ही खुर्ची नकोच होती

४ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून मी लॉन्ड्रीचा प्रमुख. तात्पुरता. हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्याकडे धुवायला येतं. म्हातारे साहेब गुडघ्यांपायी घरी बसले. हेड ऑफिसचा फोन आला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, मला ही खुर्ची नको. ते म्हणाले, बरं, मग दुसऱ्या कोणाला तरी विचारतो. मी म्हटलं, एवढी घाई कशाला!

त्याच दिवशी, संध्याकाळी

ठरलं. राज्य करायचं ते घड्याळजीसारखं. सध्या त्याचीच कादंबरी वाचतोय. एक घड्याळजी काळ्या किल्ल्यातलं घड्याळ दुरुस्त करायला जातो आणि नेमका त्याच वेळी तिथला सैतान सम्राट मरतो. राक्षस ह्यालाच धरून गादीवर बसवतात. बिचारा रोज म्हणतो, मला हे नको होतं, आणि रोज एक हुकूम सोडतो. गावं जळतात, पण हुकूम इतक्या कंटाळून दिलेला की हसू आवरत नाही. राक्षस त्याच्यावर जीव टाकतात. मीही टाकतो. चांगला राजा काय, हौसेने झालेला असतो. वाईट राजा नाखूश असला की त्याला सगळं माफ.

बायकोला दोन पानं वाचून दाखवली. तिने विचारलं, त्या जळालेल्या गावातल्या माणसांचं पुढे काय होतं? म्हटलं, ती पुस्तकात नाहीत.

७ फेब्रुवारी

काळा शर्ट शिवून घेतला. घालून खाली उतरलो. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच इस्त्रीच्या मशीनवर असतो, मीच चिकटवला) सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, बँडवाल्यांत भरती झालात का? बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मी हसलो नाही. दरारा हळूहळू बसतो.

९ फेब्रुवारी

पहिला मोठा निर्णय. लाल दोरी.

इस्त्रीचं मशीन म्हणजे मोठाले गरम रोलर. ओली चादर इकडून आत, कडक होऊन तिकडून बाहेर. मशीनच्या पूर्ण लांबीवर एक लाल दोरी आहे. कोणीही ओढावी, सगळं जागच्या जागी थांबतं. म्हाताऱ्या साहेबांची पद्धत अशी की दोरी ओढणाऱ्याला 'का' म्हणून विचारायचं नाही, नुसतं 'बरं केलंस' म्हणायचं. त्यामुळे काय, चुणी पडली, ओढ. शिंक आली, ओढ. हेड ऑफिस वैतागलेलं.

नवा नियम: दोरी ओढणाऱ्याने केबिनमध्ये येऊन मला कारण सांगायचं. यात खरी गंमत माझी आहे. घड्याळजीचा दरबार असतो ना, तसंच. ते थरथरत येणार, मी कपाळाला आठ्या घालणार, म्हणणार, मला ही खुर्ची नकोच होती. आणि मग माफ करणार. माणूस प्रेमात पडूनच खाली जाईल. माफ केलेल्यांसाठी क्रीमची बिस्किटं आणून ठेवली.

१३ फेब्रुवारी

कोणी आलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज दोरी ओढली गेली, मशीन थांबलं, मी आठ्या घालून तयार बसलो. कोणी वर आलंच नाही. खाली जाऊन विचारलं तर सगळे छताकडे बघायला लागले. हा माझ्या चांगुलपणाचा गैरफायदा.

नियम कडक केला. आता आधी वर येऊन विचारायचं, मग ओढायची. मशीनच्या डोक्यावर पाटी लावली. कंसात 'अपघात सोडून' असं लिहिणार होतो. पण हुकुमात कंस आला की तो हुकूम वाटत नाही. आणि एवढं तर कोणालाही कळतं.

बिस्किटं मऊ पडली. मीच संपवली.

२० फेब्रुवारी

दोरीला कोणाचा हात नाही. हेड ऑफिसला फोन करून कळवलं. खूश!

घडी घालणाऱ्या मावशींच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली दिसली. विचारलं. म्हणाल्या, भाजी चिरताना कापलं, साहेब.

२३ फेब्रुवारी

आणखी दोघींच्या बोटांना चिंध्या. त्यांचंही भाजी चिरतानाच. बायकांनी घरी जरा जपून काम करायला हवं. पाटी लावावी का, विचार करतोय.

खाली हल्ली करपल्याचा वास येतो. मशीन तापत असणार, कामाच्या जोरामुळे.

२६ फेब्रुवारी

मी जिना उतरू लागलो की बोलणं थांबतं. नुसती रोलरची घरघर. पूर्वी इथे मासळीबाजार असायचा. राक्षससुद्धा असेच गप्प होतात, आदराने. तरी आज जिन्यावरूनच मागे फिरलो. काही विशेष कारण नाही. चष्मा वर राहिला होता.

२७ फेब्रुवारी

दरबारात पहिला माणूस! पण मेहुणाच निघाला. म्हणाला, दाजी, ती पाटी काढा. चादरीबरोबर हात ओढला जातो आणि या बायका दोरीकडे बघत उभ्या राहतात. मी आठ्या घातल्या. म्हटलं, मला ही खुर्ची नकोच होती. तो म्हणाला, मग उठा की! आणि गेला.

उद्धट आहे, पण मनाने चांगला. सोमवारी पाटीत कंस घालतो. रंगाचा डबा आणायला हवा.

१ मार्च

सोमवार. हेड ऑफिसचे पाहुणे आले. पाटीपुढे उभं राहून त्यांनी माझा फोटो काढला. त्यांच्यासमोर कंस कसा घालणार? उद्या.

२ मार्च

मावशी धावत वर आल्या. दारातच धापा टाकत उभ्या. मला वाटलं, आला एकदाचा दरबार. मी हातानेच थांबा म्हटलं, आठ्या घातल्या, खुर्चीत मागे रेललो. म्हटलं, मावशी, मी काही हौसेने इथे बसलो नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

मावशी म्हणाल्या, साहेब, इस्त्रीवरच्या पोराचा हात गेलाय आत. दोरी ओढू का?

४ मार्च

उजवा हात. मनगटापर्यंत. डॉक्टर आणखी काही सांगत होते, मला ऐकू आलं नाही.

हेड ऑफिसला रिपोर्ट हवा होता. पाटीचा उल्लेख नको म्हणाले. 'कामगाराची बाही सैल होती' एवढंच लिहा. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. मग लिहिलं. लिहिताना हात जड झाला होता, हे कोणाला दिसणार नाही.

पाटी काढून घरी आणली. कुठे ठेवायची कळत नाही.

५ मार्च

आज खाली एकाने दोरी ओढली. बघायला, चालते का. मी केबिनचं दार आतून लावून घेतलं. पुस्तक उघडलं. घड्याळजी नवीन गाव जाळायचा हुकूम देत होता, जांभई देत. मिटून ठेवलं.

८ मार्च

हॉस्पिटल. मेहुणा उठून बसला होता. मला बघून म्हणाला, दाजी, बसा ना. चेष्टा केली नाही. खाली अंथरलेली चादर आमच्याकडची होती, कडक इस्त्रीची. मी बसलो नाही.

बायको त्याच्या उशाशी होती, सहा दिवस माझ्याशी बोललेली नाही. मीच सुरुवात केली. म्हटलं, खरं सांगतो, मला हे नको होतं.

ती म्हणाली, त्यालाही नको होतं.

आणि त्याच्या शर्टाची बटणं लावायला लागली.