बिबट्या कुणाच्या उसात

१२ जानेवारी, सोमवार

शूटिंगवाले आले एकदाचे! पुण्याची अबोली म्हणून मुलगी आहे, डॉक्युमेंटरी करते. सोबत कॅमेरावाला केयूर. बिचारा आमच्या म्हशीलाच घाबरतो. आणि फिल्म कुणावर, तर आमच्या ह्यांच्यावर! 'हिंस्र प्राण्यांनी झपाटलेला शेतकरी.'

पहिला प्रश्न मलाच. "वहिनी, दादांना बिबट्यानं खाल्लं तर, अशी भीती नाही वाटत?"

म्हटलं, बिबट्याला एवढे वाईट दिवस आलेले नाहीत.

ती हसली. हे नाही हसले. ह्यांचं नाव माऊली, आणि नाद हा असला. लग्न झालं तेव्हा साप होते. हरभऱ्याच्या डब्यात हात घातला तर आत घोणस! किंचाळले, तर हे म्हणतात, "वरडू नगं, ती दचकंल." मग मगरीचं वेड. नरसिंहपूरला संगमावर मगर दिसली असं कुणीतरी सांगितलं, तर भर उन्हात मोटरसायकल काढून गेले. लाकडाचा ओंडका निघाला. तरी त्याचा फोटो काढून आणला. आता गेली कैक वर्षं बिबट्या. माझ्या लोणच्याच्या बरणीत बिबट्याची विष्ठा वाळवून ठेवली आहे. ती पण दाखवली आज कॅमेऱ्यात. लाजेनं मेले मी.

१४ जानेवारी

संक्रांत. लोक तिळगूळ द्यायला हिंडले, हे ठसे बघायला. कुत्र्याचे निघाले.

१५ जानेवारी, गुरुवार

आज अंगणात मुलाखत होती. नवा शर्ट घालून बसले होते. बिबट्या काय खातो, कसा चालतो, पिल्लं उसात का घालतो — सगळं धडाधडा सांगितलं. तेवढ्यात अबोलीनं विचारलं, "दादा, तुम्ही स्वतः किती वेळा पाहिलाय?"

हे नुसते गुडघे चोळत बसले.

"आवाज ऐकलाय," म्हणाले. मग म्हणाले, "बघितला न्हाय कधी. एकदा डोळ्यानं बघायचाय बघा. मग मेलो तरी चालंल."

मी दारातूनच ओरडले, मेलो बिलो कॅमेऱ्यात बोलायचं नाही! शूटिंग थांबलं. थांबू दे.

पण मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं रात्र-रात्र लोकांच्या बांधावर थंडीवाऱ्यात बसतात, तर दोन-चार वेळा तरी दिसला असेल असंच मी धरून चालले होते. एकदाही नाही!

१७ जानेवारी, शनिवार

आज भयंकर संतापले आहे.

विमलकाकूंकडं हळदीकुंकू होतं. विमलकाकू म्हणजे शेजारच्या रामतात्यांची बायको. वाण म्हणून चाळणी देता देता म्हणाल्या, "मनिषा, तुज्या मालकांचं लई उपकार हायेत बघ. आमचं हे यंदा एक रात्र उसात गेलं न्हाईत." बायका खुसुखुसू हसल्या. मला कळेना. मग एकीच्या तोंडून निघालंच.

मोटरीची लाईट आमच्याकडं रात्रीची. एवढ्या थंडीत उसाला पाणी द्यायला उठायचं कुणाच्या जिवावर येत नाही? तर ह्या आळीतल्या लोकांनी युक्ती काढली. ज्याची पाण्याची पाळी, त्यानं संध्याकाळी येऊन सांगायचं — "माऊली, आमच्या उसात बिबट्या हाय." की हे बॅटरी घेऊन रात्रभर त्याच्या बांधावर. "बसलाच हाईस तर तेवढी पाण्याची दारं बी धर." झालं! ऊस लोकांचा भिजतो आणि माणूस माझा.

अख्खी आळी सामील! कुणी कधी सांगायचं हेही आपसात ठरवून घेतात. मला वाटायचं, आमच्या कोऱ्हाळ्यात बिबटेच बिबटे झालेत.

चाळणी घेऊन घरी आले. ह्यांना सांगायला तोंड उघडलं, तर हे सासूबाईंना विचारत होते, "आये, माजी कानटोपी कुठं हाय? तात्यांच्या उसात गुरगुरतंय म्हणं." नाही सांगवलं.

१८ जानेवारी

सकाळी तात्या आले. बिनसाखरेचा चहा दिला. विचारलं, "तात्या, बिबट्या तुमच्याच उसात कसा येतो हो? आमच्या उसाला काय काटे आहेत?"

"तुमच्या उसात बी यील की कवातरी," म्हणाले. चहा पण पिऊन टाकला निर्लज्जासारखा.

२० जानेवारी, मंगळवार

तात्यांनी अबोलीच्या कॅमेऱ्यासमोर सगळं ओकून टाकलं. वर मांडीवर थाप मारून हसले म्हणे!

मी अबोलीला म्हटलं, एवढं काढून टाक, पाया पडते. ती म्हणाली, "वहिनी, फिल्मचा जीवच तो आहे." म्हटलं, अगं तुझ्या फिल्मला जीव येईल, पण ह्यांचा जाईल ना! पोरगी वाईट नाही. डोळे भरले तिचे. पण म्हणाली, त्यांना न सांगता मी हे कुठंच दाखवणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर शुक्रवारी मला दादांना विचारावं लागेल.

म्हणजे कॅमेऱ्यासमोर. सगळ्या जगासमोर. नको, मीच सांगते.

२२ जानेवारी

आज सांगणार होते. जमलं नाही. उगाच भजी केली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. गोठ्यात, म्हशीला वैरण टाकताना.

"समद्यांनी?"

"सगळ्यांनी."

"तात्यानं बी?"

मी मान हलवली. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. भांडले नाहीत, शिवी नाही, काही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मग आत गेले, ती लोणच्याची बरणी रिकामी केली, राखेनं घासली, धुतली आणि माझ्या फळीवर पालथी घालून ठेवली.

किती वर्षं त्या बरणीवरून भांडले मी. आज हुंदकाच फुटला.

२४ जानेवारी

अबोली, केयूर पुण्याला गेले. हे कॅमेऱ्यासमोर बसायला तयारच नाहीत. जाताना केयूरनं लांबूनच म्हशीला टाटा केला.

संध्याकाळी तात्या हजर. "माऊली, आज आमच्या उसात—"

"तात्या, तुमचं पानी तुमी धरा," एवढंच म्हणाले आणि टीव्हीकडं वळले.

२६ जानेवारी, सोमवार

आळीतली सगळी मंडळी जांभया देत हिंडतायत. विमलकाकू माझ्याशी बोलत नाहीत. मला आनंद व्हायला हवा. रोज घरात झोपतात, वेळेवर जेवतात, बॅटरी माळ्यावर टाकली. हेच तर मागत होते मी देवाकडं!

पण सासूबाईंबरोबर मालिका बघत बसतात हो! आज विचारत होते, "ही हिची नणंद का जाऊ?" असला नवरा नको मला. मला तो येडाच बरा होता.

२७ जानेवारी, दुपार

खोटं बोलले.

घास कापून आले आणि म्हटलं, "अहो, आपल्या उसाच्या कडेनं पिवळं काहीतरी आत गेलं. शेपूट लांब होती."

टीव्हीवरून मान वळवली. "तू बी?"

"खरंच सांगते."

"शपथ घे."

म्हशीची घेतली. माणसाची घ्यायचं धाडस झालं नाही.

मग उठले, चपला घातल्या. बॅटरी नको म्हणाले, उजेड आहे म्हणून. बांधावरून जाताना पाठमोरे दिसले, तर चाल जुनीच! झपझप. एखादी संध्याकाळ बसतील, काही दिसणार नाही, येतील परत. पण उद्या पुन्हा जातील. मला तेवढंच हवंय.

देवा, म्हशीला काही होऊ देऊ नको.

२७ जानेवारी, दिवेलागण

आत्ता आले. पळत! एका पायात चप्पल नाही.

"काय झालं?" विचारलं, तर म्हणतात, "दार लाव. आदी दार लाव!"

तांब्याभर पाणी गटागटा प्यायले, कॉटवर बसले आणि रडायलाच लागले. रडतायत आणि हसतायत. "केवडा देखना हाय गं! माज्याकडं बगितलं त्यानं! केवडा देखना!"

कडी लावली. वरची खिट्टी पण लावली.

मी तर खोटं बोलले होते!