राक्षसाची कॅसेट

पनवेल, मे १९९२, मंगळवार

माझी कॅसेट पोरांनी पुसली! सुनंदाला द्यायला रेडिओवरून एकेक गाणं टिपून भरलेली. सुट्टीत पोरांचं वाचन सुटू नये म्हणून ती देवळात वर्ग घेते, मी गोष्टी वाचून दाखवतो. (जातो तिच्यासाठीच, इथे कशाला खोटं?) आज ती कॅसेट घातलेला टेपरेकॉर्डर तिथेच ठेवून चहाला गेलो, तर पोरांनी स्वतः रचलेली गोष्ट त्याच कॅसेटवर भरली.

मी असा ओरडलो की धाकटी रेश्मा रडायलाच लागली. सुनंदा म्हणाली, "आधी ऐक तरी!"

ऐकली. कर्नाळ्याच्या जंगलात एक राक्षस. सारखा चिडतो, पण गोष्ट वाचायला बसला की पाखरंसुद्धा गप्प होतात.

"दादा, राक्षस म्हंजे तूच हाय," रेश्मा डोळे पुसत म्हणाली.

मान खाली गेली माझी. कॉलेज सोडल्यापासून माझं कुणी एवढं ऐकत असेल, असं वाटलंच नव्हतं.

निघताना सुनंदानेच विचारलं, "ही कॅसेट नेऊ का रे घरी? आईला ऐकवते."

माझी कॅसेट तिच्या पिशवीत! गाण्यांऐवजी राक्षस गेला, एवढंच. देवा, पोरांचं भलं कर. उद्या रेश्मासाठी लिमलेटच्या गोळ्या न्यायच्या.