उजव्या खांद्यावरचा वळ

प्रिय स्मिता,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. शाळा माझी आठवीत सुटली. शुद्ध मराठी मी बायबल वाचून शिकलो आणि गाडीचं काम गाड्या उघडून. दोन्हींत अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

राऊ गावाजवळच्या अपघातानंतर इस्पितळात तुझ्या समीरचा सदरा मीच बदलायचो. सीटबेल्टचा काळानिळा वळ उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत उतरलेला. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, शेजारच्याचा डाव्या. आणि पोलिसांत तुम्ही सांगितलं होतं की गाडी लीलाताईंचा अनीश चालवत होता. मी समीरला विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मामा, मी झोपेतसुद्धा ब्रेक मारतो." याहून जास्त पुरावा मला नको होता. तुला विचारलं तर तू माझा हात धरलास. म्हणालीस, अनीश तर गेला, याला तरी राहू दे. बरा झाला की स्वतःच सांगेल. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर मी धरलं होतं, स्मिता. मी थांबलो.

लालबागच्या जत्रेला दोघांना माझ्या स्कूटरवरून न्यायचो, आठवतं? अनीश बुटका, म्हणून पुढे उभा राहायचा, आणि चौकाचौकात हॉर्न तोच वाजवायचा. त्याच पोराबद्दल आता चर्चच्या पायऱ्यांवर लोक बोलतात, पीके चला रहा होगा भिया. लीलाताईंनी मुलगा पुरला आणि वर हेही ऐकलं. दोन महिने त्या प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला जागेवरून उठल्या नाहीत. पाळकसाहेबांनी विचारलं, तर म्हणाल्या, माझ्या मुलानं दुसऱ्याच्या मुलाला मरणाच्या दारात नेलं. त्या आईशी समेट केल्याशिवाय मी भाकरीला हात कसा लावू?

म्हणून त्या परवा तुझ्याकडे आल्या. तुझा मिक्सर उघडून मी तिथेच बसलो होतो. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि तुझ्यापुढे हात जोडले. मला वाटलं, आता तरी तू बोलशील. आतल्या खोलीत पंखा बंद झाला. समीरही ऐकत होता. आणि तू त्यांचे हात धरून म्हणालीस, "लीलाताई, मी माफ केलं."

तू मला नेहमी सुनावतेस की येशूनं क्षमा करायला सांगितलंय, दादा, तुझ्यासारखा हिशेब नाही मांडायला सांगितला. बरोबर आहे. पण ही क्षमा द्यायची कोणी होती? ती लीलाताईंच्या हातात होती. त्यांच्याकडे जे मागायचं, ते तू त्यांनाच दान केलंस. मी आजवर पुष्कळ खोटं पाहिलं, गॅरेजमध्ये रोजच पाहतो. असलं नाही पाहिलं.

आज सकाळी त्या भाकरीसाठी उठल्या. चेहरा कितीतरी हलका. तू त्यांच्या शेजारीच गुडघे टेकलेस. मला उठवलं नाही. उपासना संपल्यावर फाटकाजवळ मी त्यांना वळाचं सांगितलं, समीर काय म्हणाला तेही. त्या रडल्या नाहीत. छत्रीची मूठ दाबत राहिल्या, मग एवढंच विचारलं, "स्मितानं मला माफ केलं, तेव्हा तिला माहीत होतं?"

मी म्हणालो, ते उत्तर तिनंच द्यायचं. त्या उद्या अन्नपूर्णा भागातल्या शाळेत शिकवून झालं की थेट तुझ्या घरी येतील, हाच प्रश्न घेऊन. परवा सकाळी मी राऊच्या ठाण्यात जबाब देणार आहे. समीर सोबत आला तर त्याला घेऊन जाईन, नाही आला तर एकटा. त्याला काय शिक्षा होईल मला ठाऊक नाही, आणि ती होताना बघायची माझी छाती नाही, तरी जाईन. उद्या बेल वाजली की दार तूच उघड. समीरला पुढे करू नकोस. आणि त्यांना आधी बसायला सांग. उभ्यानं ऐकण्यासारखं ते नाही.

तू दार लावून घेतलंस तरी तुझाच,
भास्करदादा