व्याह्यांनी मागे जोडलेली गाडी

ती. पद्माकरदादा,

सिंगापूरहून, बिशानच्या आमच्या फ्लॅटमधून विश्वासचा नमस्कार, आणि तुमच्या बहिणीचाही (ती स्वयंपाकघरात आहे, पण तिनं सांगितलंय असं समजा). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टर ऑपरेशनची घाई करत असेल तर दुसऱ्याला दाखवा, आणि तो दुसरा पहिल्याचा मित्र नाही ना, तेही बघा. हे मी फोनवर विचारलं नाही, कारण फोनवर गुडघा म्हटलं की संध्याकाळपर्यंत मला गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती यायला लागतात. म्हणून हे हातानं लिहिलेलं पत्र. पाकीट आधीच उघडलेलं वाटलं तर कळवा.

विषय ऋचाच्या लग्नाचा. सुयश तिच्याच युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करतो, आमच्याकडे जेवला की स्वतःचं ताट उचलून घासायला ठेवतो (इतकं चांगलं वागायचं कारण काय, असं मी अरुणाला विचारलंही). पोरीचा जीव त्याच्यावर आहे. माझा होकार अडलाय तो त्याच्या वडिलांपाशी. धैर्यशीलराव तुमचे कॉलेजातले मित्र, हे मान्य. पण ज्याचं पर्थमध्ये चांगलं बांधलेलं घर आहे, तो माणूस ओटा, पलंग आणि संडास असलेली बस घेऊन गावोगाव का हिंडतो? मोटरहोम म्हणतात म्हणे तिला. आणि एवढी बस असताना तिच्यामागे स्वतःची छोटी गाडी जोडून का नेतो? बायको गेल्यापासून त्यांना घरात करमत नाही, असं ऋचा म्हणाली. बस एका जागी उभी करून बाजारात जायला छोटी गाडी बरी पडते, असं सुयश म्हणाला. दोघांची उत्तरं तयार होती, आणि मला तेच खटकलं. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणून, त्यांनी सुट्टीत बोलावल्याबरोबर मी हो म्हणालो, आणि अरुणा, ऋचा अन् मी पर्थला गेलो. सुयशला रजा मिळाली नाही (की घेतली नाही, देव जाणे).

गडी तसा पद्धतशीर. आम्हाला बसमधून फिरवायला निघताना मला हौसेनं सगळं दाखवलं. गाडीची चारही चाकं रस्त्यावरच राहतात, पुढून दांडा बसच्या मागच्या हुकात अडकवतात. तो निसटला तर गाडी सुटू नये म्हणून वर साखळ्या, आणि दिव्यांची वायर. मग गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, स्टिअरिंग अडकू नये म्हणून चावी आतच. प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही, पुस्तकात बघावं लागतं, हेही सांगितलं. आणि अशी जोडलेली असताना रिव्हर्स म्हणून घ्यायचा नाही. मी मान डोलावत होतो, पण मनात पाल चुकचुकत होती. चावी आत, दार उघडं, ब्रेक मोकळा, आणि हा माणूस शीळ घालतोय! आपली मुलगी अशा घरात द्यायची?

आता माझी बाजू ऐका. रॅफल्स प्लेसच्या बँकेत इतकी वर्षं काढली, तिथला नियम असा की एकानं करायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. करणाऱ्याचं काम केलं की संपतं. वाटेत एका उतारावर आम्ही चहाला थांबलो. बाकीचे आत बसमध्ये चहा घेत होते, मी कप घेऊन पाहणीला उतरलो. उतारावर गाडी, आणि हँडब्रेक खाली! सिंगापुरात आम्ही गाडी ठेवली नाही, एमआरटीवर, म्हणजे इथल्या मेट्रोवर, भागतं, पण पुण्यात शिकलेलं एवढं मी विसरलेलो नाही. आत बसलो, ब्रेक कचकन वर ओढला, आणि परत येऊन चहा संपवला. निघण्यापूर्वी ते तपासतील, हे मी धरून चाललो होतो. त्यांनी तपासलं नाही. (म्हणजे माझा त्यांच्याविषयीचा अंदाज चुकीचा नव्हता, हे लक्षात घ्या.)

बस ताकदीची, तिला काही कळलंच नाही. एक ट्रकवाला शेजारून जाताना हॉर्न वाजवून मागे बोट दाखवायला लागला. तो लुटारू असेल, थांबू नका, असं मी सांगितलं. धैर्यशीलराव थांबले. मागे धूर, जळक्या रबराचा घाण वास, आणि दोन्ही मागची टायरं खालून सपाट झालेली. ते गाडीत डोकावले, मग माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हँडब्रेक राहिला वाटतं. माझीच चूक." मी टायर बघत राहिलो. खरं सांगतो दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋचा तिथंच उभी होती.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. न केलेली चूक माणूस अंगावर का घेतो? त्यांना खरंच तसं वाटत असेल, तर व्याही विसरभोळे. आणि ठाऊक असूनही गप्प बसले असतील, तर हे मौन कशासाठी राखून ठेवलंय? ऐन लग्नात मांडवात बाहेर काढायला? मला झोप लागत नाही. बाकी सर्व क्षेम.

आपला,
विश्वास

ता. क. तुम्ही जुने मित्र आहात. सहज बोलता बोलता, त्यांना माहीत आहे का, एवढं काढून घ्या. माझं नाव येता कामा नये.

ता. क. दुसरा. वरचं करू नका. आज सुयश जेवायला आला होता. बसमध्ये ड्रायव्हरसमोर कॅमेऱ्याचा एक पडदा असतो आणि मागची गाडी त्यात कायम दिसत असते, असं तो बोलून गेला. मी भात घ्यायचा थांबलो.

दादा, पाकीट मीच चिकटवतेय, म्हणून दोन ओळी माझ्याही. त्या पडद्यावर हे गाडीत शिरताना आम्हा तिघांनाही दिसले होते. काय करताहेत ते कळलं नाही, धूर दिसल्यावर कळलं. हे टायरांपाशी उभे असताना मी धैर्यशीलरावांची माफी मागायला गेले, तर मला हळूच म्हणाले, "वहिनी, मुलीचे वडील आहेत ते. सगळं हात लावून बघणारच." ते ऐकून ऋचा रडायला लागली. तू मुहूर्त काढून टाक, ह्यांना विचारत बसू नकोस.
अरुणा